सत्तावीस नंबरची बदली

बाजीराव जोगदंडला जगात कशाची भीती वाटत असेल तर ती हजेरीची. भुताखेताला तो भीत नव्हता, साहेबाला भीत नव्हता. बायकोला थोडाफार भ्यायचा, ते सोडा. पण कुणी वही उघडून नावं पुकारायला लागलं की त्याच्या तळहातांना घाम फुटायचा. रेशनच्या दुकानात नाव पुकारलं तरी हा आधी मागं वळून बघायचा आणि मगच ओ द्यायचा. कळंबोलीतले लोक हसायचे. हसणाऱ्यांना काय जातं? आपल्या आधी दुसरं कुणी ओ देतंय का, हे तो बघत असायचा, आणि त्याला तसं कारण होतं.

बाजीराव मूळचा बीडकडचा. घरात भिंतीला बाबासाहेबांचा फोटो आणि नावाला वितभर जमीन नाही, असं घर. मॅट्रिक झाल्यावर तो आणि त्याच वस्तीतला गोटीराम ओव्हाळ औरंगाबादला होस्टेलात राहिले. दोघांत एक ट्रंक, दोघांत एक कंदील. पी.डी.ची, म्हणजे बी.ए.च्या आधीच्या वर्गाची, परीक्षा कशीबशी पार पडली आणि त्याच उन्हाळ्यात बाजीरावचा बाप गेला. पुस्तकं ट्रंकेत गेली. गोटीराम म्हणाला, तू नाहीस तर मी एकटा तिथं काय करू, आणि त्यानंही कॉलेज सोडलं. खरं तर त्याला सोडायचं काही कारण नव्हतं. असा तो माणूस. वेडा म्हणा हवं तर.

पुढं मिळेल ते काम करत करत दोघं तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात चिकटले. कळंबोलीला सिडकोची एका खोलीची घरं झाली तेव्हा शेजारी शेजारी राहायला आले. तेव्हाची कळंबोली म्हणजे नुसता भराव, लोखंडाचे ढीग आणि ट्रक. बायकांचंही आपसांत बरं होतं. बाजीरावची रखमा तोंडानं फटकळ, गोटीरामची काशी मुकी म्हणावी इतकी शांत, म्हणूनच जमलं असावं.

चौऱ्याऐंशी सालच्या जूनमध्ये बाजीरावची पोरगी शाळेचा फॉर्म भरत बसली होती. वडिलांचं शिक्षण, या रकान्यापाशी ती थांबली. गोटीराम तिथंच चहा पीत होता. तो म्हणाला, लिही गं, अर्धवट. पोरगी खो खो हसली आणि तिनं खरंच पेनानं अर्धवट असं लिहून टाकलं. बाजीराव हसला नाही. त्याला तो शब्द असा लागला की दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यानं पनवेलच्या एका कॉलेजातून बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा फॉर्म आणला.

आता अडचण बघा. कारखान्यात तीन पाळ्या, आणि पहिली सकाळी सातला. कॉलेजही सकाळचंच, सात ते साडेदहा. म्हणजे तीन आठवड्यांतला एक आठवडा कॉलेज बुडणार. शंभरातले पंचाहत्तर दिवस भरले नाहीत तर टर्म मिळत नाही, आणि टर्म नाही तर परीक्षा नाही. बाजीरावनं हिशेब केला आणि फॉर्म घडी घालून खिशात ठेवला.

तोडगा गोटीरामनं काढला. कारखान्यात बदली नावाची एक चाल होती. नियमात बसत नव्हती, पण वर्षानुवर्षं चालायची. तुझ्या पाळीला मी उभा राहतो, तुझं कार्ड मी पंच करतो, गेटवर मस्टर घेताना तुझं नाव आलं की ओ मी देतो. माझ्या पाळीला माझ्या नावानं तू. सुपरवायझर माणसं मोजायचा, तोंडं बघायचा नाही. एक गोष्ट मात्र सगळे पाळायचे. ज्याच्या नावानं उभा राहिलास, त्याच्या वाट्याला येईल ते काम मुकाट करायचं. हे माझं नाही, असं म्हणायचं नाही.

"तीन वर्ष तू शिक, मी बदली," गोटीराम म्हणाला. "मंग तीन वर्ष मी शिकतो, तू बदली." आणि आपली पाळी यायला तीन वर्षं असताना या पठ्ठ्यानं पनवेलच्या बाजारातून स्वतःसाठी एक लांबडी वही विकत आणून ठेवली.

पहिल्या पाळीच्या आठवड्यात दोघं बरोबरच निघायचे. सहाचा सुमार, खाजणावरून धुकं चढलेलं, पुढच्या सायकलचं मडगार्डसुद्धा दिसायचं नाही. गोटीरामच्या मडगार्डचा एक स्क्रू कायम ढिला. खडखड, खडखड असा आवाज करत ती सायकल चालायची, आणि त्या आवाजावरूनच तो कुठं आहे ते कळायचं. नाक्यावर रस्ते फुटायचे. बाजीराव पनवेलकडं वळायचा, खडखड तळोज्याकडं जायची. गेटवर नाव पुकारलं की बाकीचे हजर म्हणायचे, कुणी येस सर म्हणायचं. गोटीराम नाव स्वतःचं असो की दुसऱ्याचं, एकच ओ द्यायचा: हाय की.

कॉलेजात बाजीरावचा नंबर सत्तावीस. वर्गातली निम्मी पोरं त्याच्या पोरीहून चार-पाच वर्षांनी मोठी, त्याला काका म्हणणारी. तो शेवटच्या बाकावर खिडकीपाशी बसायचा. पहिल्या महिन्यात त्याच्या नाकी नऊ आले. मान खाली घालून लिहायचा आणि अर्धं निसटायचं. पण हळूहळू डोक्यातला गंज सुटायला लागला. मराठी शिकवणाऱ्या सरोजिनी मॅडम बोलायला लागल्या की त्याला वाटायचं, वीस वर्षं बंद असलेल्या खोलीत कुणीतरी झाडू मारतंय. तो सुखावला होता हो. असं सुख त्याला ना लग्नात मिळालं होतं ना नोकरीत, आणि हे त्यानं रखमाला सांगूनही टाकलं. ती आठवडाभर बोलत नव्हती.

मग ऑगस्टातला तो मंगळवार आला. पहिल्या पाळीचा आठवडा होता. साडेआठच्या तासाला मॅडमनी हजेरी घेतली, आणि निबंधाच्या वह्या परत देताना त्या म्हणाल्या, सत्तावीस नंबर, उभे राहा, तुमचा निबंध मोठ्यानं वाचा. बाजीरावनं भरावावर लिहिलं होतं: खाडी बुजवून घरं होतात तेव्हा आधी काय काय बुजतं, त्यावर. त्यानं शेवटपर्यंत वाचलं. मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं, "जोगदंड, इतकी वर्षं कुठं होता तुम्ही?"

साडेदहाला कॉलेज सुटलं तसा तो सायकल हाणत घरी आला. हे कधी एकदा गोटीरामला सांगतो असं त्याला झालं होतं. गल्लीच्या तोंडाशी गर्दी दिसली. त्याच्याच दारात माणसं दाटली होती आणि आतून रखमाचं रडणं ऐकू येत होतं. लोक वळले, आणि त्याला बघून मागं सरले. एक म्हातारी मट्‌कन खाली बसली. रखमा बाहेर आली, तिनं त्याच्याकडं बघितलं आणि ती जी किंचाळली, ती किंकाळी त्याच्या कानातून पुढं कधीच गेली नाही. कारखान्याचा माणूस नुकताच येऊन सांगून गेला होता, की टाकीत गॅस लागून बाजीराव जोगदंड गेला.

दारातली काशी पहिली उठली. तिनं बाजीरावच्या हातातली पुस्तकं बघितली. मग ती आपल्या घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. कोण गेलं, ते तिला कळलं होतं.

त्या दिवशी टाकी धुवायचं काम बाजीरावच्या वाट्याला होतं. नाव पुकारलं, गोटीरामनं ओ दिली आणि तो शिडीनं खाली उतरला. हे माझं नाही, असं तो म्हणाला नाही. मॅडमनी नंबर पुकारला तेव्हा तो टाकीत होता.

संध्याकाळपर्यंत कागद फिरले. मस्टर सांगत होतं की बाजीराव हजर होता. गोटीरामची पाळी दुसरी, तो कामावर नव्हताच. परवानगी नसताना आत शिरला आणि मेला, असं लिहिलं गेलं. मग काशीला द्यायचं काय? सुपरवायझरनं बाजीरावला बाजूला घेतलं. मस्टरप्रमाणे तू हजर आहेस, तो म्हणाला, आणि तोंड उघडलंस तर तू घरी जाशील, बदली करणारे बाकीचेही जातील. बाजीराव गप्प बसला. भेकडपणा म्हणतात तो हाच. काशीला छदाम मिळाला नाही. लोखंडाच्या बाजारात भंगार निवडायला ती जाऊ लागली.

मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिनं गोटीरामची ती लांबडी वही आणून बाजीरावच्या पुढ्यात ठेवली. "भावजी, कालेज सोडू नका," एवढंच म्हणाली. दुसरं काही ती बोलली असती तर बरं झालं असतं. बाजीरावनं मान हलवली आणि वही ट्रंकेत ठेवून दिली.

तो कॉलेजला जात राहिला, पण बदली आता कोण करणार? पहिल्या पाळीच्या आठवड्यात तो कामावर आणि कॉलेज बुडालेलं. टर्म जाणार हे ठरल्यातच जमा होतं. त्याला त्याचं दुःखही वाटेना. आपल्याला तेच पाहिजे असं वाटायचं. एक गोष्ट मात्र त्यानं कुणाला सांगितली नव्हती. त्या आठवड्यांत सकाळी नाक्यावर तो तळोज्याकडं वळायचा, आणि धुक्यात मागं कुठंतरी खडखड, खडखड असा आवाज व्हायचा. तो आवाज नाक्यावर क्षणभर थांबायचा आणि पनवेलच्या रस्त्याला लागायचा. गोटीरामची सायकल तर त्याच्या मरणापासून कारखान्याच्या स्टँडला गंजत उभी होती.

फेब्रुवारीत टर्म न मिळणाऱ्यांची यादी बोर्डावर लागली. बाजीरावनं ती तीनदा वाचली. सत्तावीस नंबर तिच्यात नव्हता. ऑफिसात विचारलं तर क्लार्क म्हणाला, तुमच्यासारखी हजेरी अख्ख्या वर्गात कुणाची नाही, एक दिवस बुडालेला नाही. बाजीरावला वाटलं, कुणा पोरानं दया येऊन प्रॉक्सी मारली. पुढच्या बाकावर अरुणा नावाची मुलगी बसायची, दुपारी एका वकिलाकडं टायपिंग करणारी, सरळ स्वभावाची. तिला त्यानं विचारलं. ती गोंधळली.

"काका, तुम्ही असता की रोज," ती म्हणाली. "फक्त कधी कधी तुम्ही हजर म्हणत नाही, हाय की म्हणता. पोरं हसतात ना मग."

बाजीरावला गेट आठवलं. तिनं आणखी एक सांगितलं, की त्या दिवसांत तुमच्या बाकाकडून केमिकलचा वास येतो, कामावरून तसेच येता का? तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या पहिल्या पाळीच्या सोमवारी तो नाक्यावर सायकलवरून उतरून उभा राहिला. धुकं अंगाला चिकटत होतं. मागून खडखड आली, त्याच्या अगदी बाजूनं गेली आणि पनवेलकडं वळली. वाऱ्याची झुळूक तेवढी जाणवली, दिसलं काहीच नाही. त्या दिवशी तो तळोज्याला गेलाच नाही. आवाजाच्या मागं मागं पायडल मारत राहिला. गाढी नदीच्या पुलावर आवाज थांबला, हाही थांबला. मग पुन्हा खडखड सुरू झाली. कुणीतरी आपली वाट बघतंय हे त्याला कळलं, आणि भीती वाटायच्या ऐवजी त्याला रडू कोसळलं.

साडेआठच्या तासाला तो वर्गात शिरला नाही, दाराबाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. आत मॅडम हजेरी घेत होत्या. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस.

"हाय की."

शेवटच्या बाकावरून आला आवाज, जसा गेटवर यायचा अगदी तसा. पोरं हसली. मॅडम वहीतून मान वर न करता म्हणाल्या, जोगदंड, हजर म्हणायचं, आणि पुढचा नंबर पुकारला. बाजीरावनं दारातून डोकावलं. खिडकीपाशी कुणी नव्हतं. तास संपून वर्ग रिकामा झाल्यावर तो त्या बाकाजवळ गेला. लाकडावर दोन ओल्या तळव्यांचे ठसे होते, बोटं फाकलेली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते वाळत गेले. नाकात टाकीचा वास भरला.

त्यानं घरी येऊन रखमाला सगळं सांगितलं. त्याला वाटलं, ती वेड्यात काढील. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला तेवढा.

"त्यो मरून बी बदली करतोय," ती म्हणाली. "आन् तुमी जित्ते असून त्याची पाळी कवा करनार?"

बाजीराव अंथरुणावर पडून राहिला. गोटीराम कामावर होता, हे कसं सिद्ध करायचं? त्यासाठी बाजीराव कामावर नव्हता हे दाखवायला हवं. आणि ते सांगणारा जगात एकच कागद होता: कॉलेजची हजेरी. त्या मंगळवारी, साडेआठच्या तासाला, सत्तावीस नंबर हजर. पण तीच वही असंही सांगत होती की हा माणूस रोज हजर, कारखान्यात राबत होता त्या दिवशीसुद्धा. अशा वहीवर विश्वास कोण ठेवणार? खोटे दिवस खोडले तरच तो एक खरा दिवस उभा राहणार होता. आणि ते खोडले की टर्म गेली, वर्ष गेलं, बहुधा नोकरीही गेली. हे सगळं त्याला एकदमच कळलं. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा त्याला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तो स्टाफरूममध्ये गेला. गोटीरामच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यानं तारखा लिहून आणल्या होत्या. त्यानं मॅडमना टाकीपासून सगळं सांगितलं आणि म्हणाला, या तारखांना मी नव्हतो, एवढ्या खोडा.

"अहो, मी स्वतः पाहिलंय तुम्हाला," मॅडम म्हणाल्या आणि मधेच थांबल्या. त्यांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. त्यांना बाक आठवत होता, खिडकी आठवत होती, आवाज आठवत होता. तोंड काही केल्या आठवेना. त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मग ओ कोण देत होतं?"

"माझा बदली होता, मॅडम. त्याला आता सोडवायचाय."

मॅडमनी लाल शाईनं एकेक दिवस खोडला आणि प्रत्येक ठिकाणी सही केली. त्या मंगळवारच्या खुणेवर मात्र त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हा दिवस माझ्या चांगला लक्षात आहे, या दिवशी तुम्ही वाचलं होतं, कुठंही येऊन सांगीन. आणि त्या आल्याही, सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढं, दोनदा. जबाब बाजीरावनं स्वतः लिहिला, चार पानी, कुणाला न विचारता. त्या तारखेला मी कामावर गैरहजर होतो, असं पहिलंच वाक्य. ते लिहायची हिंमत त्या शेवटच्या बाकावरच आली होती, असं तो सांगायचा. मला ते पटतं.

नोकरी गेली. टर्म गेली. कारखान्यातले जुने मित्र तोंड फिरवू लागले, मग त्यातलेच दोघे येऊन खरं बोलले. बाजीरावला लोखंडाच्या बाजारात वजनकाट्यावर काम मिळालं, सकाळी अकराला सुरू होणारं. जूनमध्ये तो पुन्हा त्याच वर्गात पहिल्यापासून बसला. या वेळी नंबर एकतीस. काशीची भरपाईची सुनावणी चालू होती.

ऑगस्टात तिच्या सुनावणीसाठी तो एक दिवस ठाण्याला गेला आणि कॉलेज बुडालं. त्याच दिवशी तोंडी निकाल झाला: गोटीराम ओव्हाळ कामावर असताना मेला. काशी तिथंच जिन्यात बसली आणि वर्षभराचं रडून घेतलं. बाजीराव शेजारी बसून राहिला. येताना ती पहिल्यांदा आपणहून बोलली. "आज सकाळी त्यांच्या सायकलीचा आवाज आला न्हाई," ती म्हणाली. म्हणजे तिलाही तो ऐकू येत होता, वर्षभर.

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी तो मॅडमच्या टेबलापाशी गेला आणि त्यानं हजेरीची वही बघायला मागितली. तळहात घामेजले होते. मॅडमनी वही त्याच्याकडं फिरवली आणि म्हणाल्या, काल मी तुमचा नंबर दोनदा पुकारला, कुणीच ओ दिली नाही. एकतीस नंबरपुढं लाल शाईत एक अ होता, गैरहजरीचा. बाजीरावनं त्यावर बोट ठेवलं आणि तो वर्गासमोर, एवढ्या पोरांदेखत, रडला. सुटल्यासारखंही वाटत होतं आणि एकटंही, दोन्ही एकदम.

अठ्ठ्याऐंशी साली तो बी.ए. झाला. पोरीनं मिठाई वाटली, रखमानं काशीला आग्रह करकरून पुरणपोळी खायला घातली. नाव पुकारल्यावर मागं वळून बघायची त्याची सवय मात्र गेली नाही. तो वळतो, थोडा वेळ थांबतो, कुणी ओ देतंय का ते ऐकतो. कुणी देत नाही. मग तो स्वतःच म्हणतो, हजर.